केशरबाईंनी ठेवलेलं नाव

उद्या मुलीचं नाव शाळेत घालायचं आहे आणि आनंदानं मला एका जागी बसवत नाही. दप्तर तीनदा भरून झालं. काळजी एकच. नाव ऐकून हेडमास्तर हसतील आणि मग अर्थ विचारतील. मंठ्यात सगळे तसंच करतात. अर्थ सांगायचा तर आधी केशरबाई सांगाव्या लागतात.

केशरबाई बारा वर्षं जालन्याच्या एका मिशन दवाखान्यात आया होत्या. बहात्तर साली त्या मंठ्याला परत आल्या आणि गावातली बाळंतपणं करू लागल्या. त्यांचं जन्माचं नाव धोंडाबाई. आधीची तीन भावंडं गेली होती. हिला तरी मरणानं दगड समजून सोडावं, म्हणून ते नाव. छप्पन सालच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते टाकलं आणि स्वतःच स्वतःला केशर म्हणवून घेतलं. "दगडाला कुणी मायेनं हाक मारतं का, बाई?" असं त्या मला म्हणायच्या.

माझी पहिली दोन बाळं महिन्याच्या आत गेली. तिसरी ही. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत केशरबाईंच्या हातांवर आली आणि असं खणखणीत रडली की शेजारची गोजरबाई दारात येऊन म्हणाली, "ही काय जाती कुठं!" मी बी.ए. झालेली, तरी घडीघडी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

सासूबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, ठरवून टाकलं. "बारशाला पोरगी सुपात घालून उकिरड्यावर ठिवायची. केशरनं उचलायची, आपण पसाभर ज्वारी दिऊन परत घ्यायची. तिला नाव दगडाबाई ठिवाया सांगायचं."

उचलणारीनंच नाव ठेवायचं आणि घरच्यांनी ते बदलायचं नाही, अशी रीत. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आईपुढं मी काय बोलू?" मुलीनं जन्मभर दगड म्हणून वावरायचं, ही कल्पना मला सोसवत नव्हती. पण चांगलं नाव ठेवलं आणि काही झालं तर?

बारशाच्या दिवशी केशरबाई पांढरं लुगडं नेसून आल्या. उकिरड्यावर मांडलेलं सूप बघून अंगणातच थांबल्या.

"मावशी, उकिरड्यावरून उचलायचं काम आमच्या लोकांनी सोडलं. मी बी न्हाई उचलणार. बाईच्या मांडीवरून घेते."

"अगं, मंग मरण फसंल कसं?"

"मी घेतली की झाली न्हवं परकी? जागेचं काय घिऊन बसलात?"

सासूबाई अडल्या. केशरबाईंच्या हाताला यश आहे, हे त्याही मानत होत्या. "बरं. पण नाव वंगाळ ठेवशील ना?"

"लई वंगाळ. दुःख असंच नाव ठेवते. चालंल?"

"बिलकुल चालंल!"

केशरबाईंनी माझ्या मांडीवरून मुलगी उचलली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोलोरेस!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गोजरबाई म्हणाली, "अगं बया, हे पोरीचं नाव हाय का खोकल्याचं औषध?"

"माझ्या दवाखान्यातल्या सिस्टरचं नाव," केशरबाई म्हणाल्या. "स्पेनची होती. मी इचारलं, अर्थ काय? म्हणाली, दुःखं. मला वाटलं, हिच्या बी घरी लेकरं जगत नसतील. तर तसं न्हाई. येशूची आई मरिया. लेकरू तिच्या डोळ्यांदेखत गेलं. तिला सात दुःखं होती म्हणत्यात, आन् तिच्या मूर्तीच्या छातीत सात तलवारी दाखवत्यात. तिच्या नावानं तिकडं पोरींचं नाव ठेवायचे, दुःखांची मरिया. लांबलचक नाव. बोलता बोलता मरिया गळाली, दोलोरेस राहिलं. पिढ्यान् पिढ्या चाललंय. सिस्टरच्या आजीचं तेच, मावशीचं तेच."

"पण पोरीला दुःख म्हणायचं?" मी कशीबशी बोलले.

"पोरीला कुठं, बाई? धोंडा म्हणलं की पोरगीच दगड. हे तसं न्हाई. नाव पोरीचं, दुःख आईचं. तुमचं दोन लेकरांचं दुःख कुणी इचारलं का आजवर?"

मला रडू आवरेना. सासूबाई रागावतील म्हणून मी पदर तोंडाला लावला. पण त्या केशरबाईंच्या हातातल्या मुलीकडे बघत होत्या.

"माझी चार गेली," त्या म्हणाल्या. मी त्या घरात सहा वर्षं होते. मला हे माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं.

मग सासूबाई आत गेल्या आणि पसाभराऐवजी सूपभर ज्वारी घेऊन आल्या. केशरबाईंच्या पदरात ओतून त्यांनी मुलगी घेतली.

"घरात काय म्हणत्यात ह्या नावाला?"

"लोला. घरात चारचार लोला असायच्या म्हणं. एकीला हाक मारली की चौघी ओ द्यायच्या."

"लोला," सासूबाईंनी म्हणून पाहिलं. "बरं हाय. जल्दी तोंडात बसतं."

साडेपाच वर्षं झाली त्याला. दिवसातून पन्नासदा आमच्या अंगणात ती हाक होते आणि लोला धुळीनं माखलेली धावत येते. मघाशी मी सासूबाईंना म्हटलं, शाळेत लोलाच लिहूया, मास्तर हसणार नाहीत.

"काहून?" त्या कडाडल्या. "पुरं नाव घालायचं. दोलोरेस बद्रीनाथ. मी येते संगं, केशरलाबी बोलवलंय. मास्तर हसला तर अर्थ मी सांगते त्याला."