काळी फिल्म निघाली त्या दिवशी

मरून रंगाच्या ब्लाउजला मी तपकिरी दोऱ्याची शिलाई मारली होती. गिऱ्हाइकानं दाखवून देईपर्यंत मला ते कळलंच नाही. ती बाई ब्लाउज घेऊन बाहेर ओट्यावर गेली आणि उन्हात धरून म्हणाली, "ताई, रागावू नका, पण भर दुपारी तुमच्याकडे ट्यूब लावावी लागते. अशा उजेडात रंग कसा कळणार?"

मी रागावले नाही. ब्लाउज उसवायला घेतला. उसवता उसवता समोरच्या खिडकीकडे पाहत बसले.

धुळ्यात देवपूरला आमचं घर आहे, तळमजल्यावर, रस्त्याला लागूनच. समोरच्या खोलीला सरकत्या काचांची रुंद खिडकी माझ्या नवऱ्यानं हौसेनं बसवून घेतली होती. तो गेला, तेरावं झालं, आणि पुढच्याच आठवड्यात जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, दोंडाईच्याहून आले आणि इथल्याच एका फिल्मवाल्याला घरी घेऊन आले. त्यांनी सगळ्या काचांना काळी फिल्म लावून घेतली. एकट्या बाईचं घर, मुलगी वयात येतेय, रस्त्यावरून कोणीही आत बघेल. मला कोणी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. आमच्याकडे जेठांसमोर बाई डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं असलं तर मुलाबाळांच्या तोंडून सांगते.

त्याला सहा वर्षं झाली. ऊन खाऊन फिल्म जांभळट पडली, तिला फोड आले. मुलगी जळगावला नर्सिंग शिकायला गेली. मी मात्र अजून त्या खिडकीआड ट्यूब लावून शिवत होते.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म लावणाऱ्या त्याच माणसाकडे गेले. तो म्हणाला, "काढतो ना वहिनी. भाऊंना एक फोन करून घेतो."

"भाऊंना कशाला?"

"त्यांनीच लावली होती ना."

मी दुकानातून उतरले. दुसऱ्या एका दुकानात "मिस्टरांना पाठवा" असं ऐकलं, तिथूनही उतरले. घरी परत येताना एका मेडिकलच्या दुकानाबाहेर एक नवरा-बायको दर्शनी काच धुताना दिसले. दोघंही पन्नाशीचे. तो शिडीवर, ती खाली. तिच्या हातातलं काच पुसायचं रबर वरून खाली एका ओढीत यायचं, आणि मागे पाण्याची एक रेघ राहायची नाही. मी बराच वेळ बघत उभी राहिले. मग विचारलं, "चाची, काळी फिल्म काढता का?"

तिनं विचारलं, "किती जुनी?" बस. एवढंच विचारलं.

ते रविवारी सकाळी आले. चाचांनी नखानं एक कोपरा टोकरून पाहिला. "ही उन्हानं भाजलीय ताई. केळीच्या सालीसारखी नाही निघणार. खपली काढावी तशी काढावी लागेल." कोमट पाण्यात भांड्यांचा साबण कालवला, काच भिजवली, आणि चाची पातळ पातं तिरपं धरून खरवडू लागली. पहिला तळहाताएवढा तुकडा निघाला तेव्हा तेवढ्याच मापाचं ऊन मशीनवर येऊन पडलं. मी हातातलं काम खाली ठेवलं.

माझ्या बोअरच्या पाण्याला चाचीनं हात लावला नाही. "हे पाणी वाळलं की पांढरे डाग. नळाचं साठवलेलं असेल तर अर्धी बादली द्या." आमच्याकडे नळ कितीतरी दिवसांनी येतो, तरी मी दिली. फिल्मखालचा चिकट डिंक तिनं रॉकेलच्या बोळ्यानं पुसला, मग पुन्हा साबण, मग रबर. मी हौसेनं वर्तमानपत्राचा बोळा पुढे केला, तर म्हणाली, "राहू द्या. जुना सुती कपडा बरा."

अर्धी खिडकी झाली असेल. फाटकाशी मोटरसायकल थांबली. जेठ होते. फिल्मवाल्यानं फोन केलाच होता.

माझा हात सवयीनं पदराकडे गेला. ते ओट्यावर आले, माझ्याकडे न बघता चाचांना म्हणाले, "हाई काय चालू शे? कोणी सांगं तुमले? बंद करा!"

चाचांनी शिडीवरूनच सलाम केला. "ज्यांनी बोलावलं त्या उभ्या आहेत भाऊ. त्या म्हणतील तर थांबतो." चाचीचं पातं चालूच होतं.

"बठ्ठा रस्ता घरमा देखी!" सगळा रस्ता घरात बघेल, असं जेठ भिंतीला सांगावं तसं म्हणाले.

मी पदर सोडला. घरात मुलगी नव्हती, ज्याच्या तोंडून बोलावं असं कोणी नव्हतं. आणि असतं तरी त्या दिवशी मला नको होतं. घर माझं, खिडकी माझी, काम थांबणार नाही, हे आमच्या अहिराणीतच सांगितलं. "भाऊ, घर मनं शे. खिडकी बी मनी शे. काम थांबाव नही."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. त्यांच्याशी थेट बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेही बहुधा पहिल्यांदाच. त्यांचा चेहरा रागानं नाही, गोंधळानं भरला होता. हा माणूस वाईट नाही. नवरा आजारी असताना दवाखान्यात रात्रंदिवस बसला होता. दर हंगामाला घरी धान्य आणि मिरची पोचवतो. पण त्या उपकारांच्या बदल्यात माझा उजेड मी देणार नव्हते.

"लोक बोलतीन," ते म्हणाले.

"बोलू द्या. मी शिवत बसेन."

ते चहा न घेता गेले. चाचीनं ओल्या हातानं मला काचेशी ओढलं आणि म्हणाली, "उरलेली अर्धी आता तुम्ही काढा. या." पातं माझ्या हातात दिलं, मनगट कसं ठेवायचं दाखवलं. शेवटची काच मी एकटीनं खरवडली. तिच्यावर एक बारीक चरा आहे, तो माझा.

मुलगी फोनवर ओरडलीच, "मम्मी, तू बोललीस? त्यांच्याशी?"

पुढे चार महिने दोंडाईच्याहून कोणी आलं नाही. पुतणीच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलं नाही. मी तिचा ब्लाउज आधीच शिवून ठेवला होता; तो पिशवीत घातला आणि बसनं गेले. मांडवात पुढच्या रांगेत जाऊन बसले. जेठाणी, म्हणजे माझी थोरली जाऊ, जरा घुटमळली, मग शेजारी येऊन बसली. पुतणीनं ब्लाउज तिथंच आत जाऊन घातला.

दिवाळीनंतर जेठ आले. खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसून चहा घेतला. निघताना म्हणाले, "निदान पडदा तरी लाव." मलाच म्हणाले, थेट.

"लावेन," मी म्हटलं. "मला आवडेल तेव्हा."

अजून कापड पसंत पडलेलं नाही. चाचा-चाची दर दोन महिन्यांनी येतात; मधल्या काळात धूळ मी पुसते. रस्त्यावरची माणसं आत बघतात, मीही त्यांच्याकडे बघते. शाळेतून येणाऱ्या दोन-तीन शिक्षिका तर काचेवर टकटक करून बाहेरूनच विचारतात, "झालं का ताई आमचं?"