टॅपेट कव्हरचं कॉर्क

आईने डायलिसिसला जायचं नाही असं ठरवलं, तेव्हा कारण म्हणून जीपकडे बोट दाखवलं.

"तो जळक्या तेलाचा वास मले सहन नाई होत," ती म्हणाली. "मी नाई येत आता."

वास खरा होता. बाबांच्या जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिनावर एक पत्र्याचं झाकण आहे, टॅपेट कव्हर. झाकण आणि इंजिन यांच्या मधली गॅस्केटची पट्टी कुजली होती. फटीतून तेल झिरपायचं, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडायचं आणि धूर आत यायचा. सिंदेवाहीहून चंद्रपूरला जाताना मूल गावापर्यंत आई तग धरायची. पुढे जंगल लागलं की तोंडाला पदर. परत येताना तिच्या अंगात काही उरलेलं नसायचं, मग उलटी आली की बाबा मध्येच थांबायचे आणि मी तिचं डोकं धरून उभी राहायचे. वाघाच्या भीतीने त्या रस्त्यावर कोणी गाडीतून उतरत नाही. आम्ही उतरायचो. बसने न्यावं तर तिथे तिला आडवं होता येत नव्हतं.

मला मात्र वाटायचं, वास हे निम्मंच कारण आहे. ती थकली होती. हे मी कुणाला बोलले नाही. शाळेतली इंग्रजी आणि घरातली बोली यांच्या मधल्या जागेत मला गप्प राहायची सवय लागली, ती अजून आहे. बाबांनाही कळलं असावं. पण थकव्यावर त्यांच्याकडे पाना नव्हता. गळतीवर होता.

"वास बंद केला तं येशीन?" त्यांनी विचारलं.

"मंग पाहू."

आधी त्यांनी फट बुजवायची सिलिकॉनची ट्यूब आणली. मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. जागा कोरडी, स्वच्छ हवी, आणि लावल्यावर पूर्ण दिवस वाळू द्यायचं, असं मी सांगितलं.

"सकाळी तं निघाचं हाय," बाबा म्हणाले, आणि बोटाने जाडजूड थर लावून झाकण बसवलं. मूल गाव यायच्या आत वास आला.

मग त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. पाणी अडवायला इकडे सगळे तेच वापरतात, पंपाला, टाकीला, कशालाही. पहिली खेप बिनवासाची गेली. आई वाटेत मागच्या सीटवर उशी घेऊन झोपलीसुद्धा. पण रबराने हळूहळू तेल प्यायलं, फुगलं आणि झाकणाखालून जिभेसारखं बाहेर आलं. बाबांनी नट आणखी आवळले. ते आणखी बाहेर आलं.

"आजचं शेवटचं," त्या दिवशी दवाखान्याच्या दारात आई म्हणाली. बाबा जीपचं बॉनेट उघडायला वळले.

तिला मशीनवर घेतलं. मी खुर्ची ओढून बसणार, तर म्हणाली, "जा बाबासोबत दुकानात. मी काई पळून नाई राह्यली, सुया टोचल्या हायेत."

स्पेअर पार्टच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी झाकण हातात घेऊन डोळ्यांसमोर आडवं धरलं. बाबांनी ते मुद्दाम काढून आणलं होतं.

"भाऊ, हे झाकण हाय का पापड?"

"थोडं वाकलं."

"थोडं? गळलं का आवळा, गळलं का आवळा. पत्रा बिचारा काय करन?" त्यांनी कॉर्कचं गॅस्केट काउंटरवर ठेवलं. "पत्र्याले हेच. कागद लावाल तं उंचसखल भरत नाई. हे दबून बसते. पण जास्त दाबलं का फाटते. आधी काठ ठोकून सरळ करा. मंग प्यारसे."

झाकण जुन्या रबरासकट परत बसवून घरी आलो. तिथे ते काढून बाबांनी सपाट दगडावर त्याचे काठ हळूहळू ठोकून सरळ केले. जुनं रबर, सिलिकॉनचे तुकडे, सगळं खरवडलं. एकही तुकडा आत पडू नये म्हणून इंजिनावर फडकं अंथरलं. कॉर्क बसवलं, नट हाताने फिरवले, पाना लावला. आणि थांबले. त्यांच्या मनगटाची शीर उभी राहिलेली मला दिसली. पाना त्यांनी माझ्यापुढे धरला.

"तू आवळ. माहा हात आयकत नाई."

खाटेवरून आई म्हणाली, "पोरीले इंग्लिश शाळेत याच्यासाठी घातलं का?"

"तू चूप बस," बाबा म्हणाले. ते हसत नव्हते.

मी मधल्या नटापासून सुरुवात केली. कॉर्क किंचित दबल्याचं बोटांना कळायचं, तिथे हात उचलायचा. बाबा दर वेळी पुटपुटत, "अजून जरासं," आणि लगेच, "नको नको, राहू दे."

पुढच्या खेपेच्या सकाळी त्यांनी अंगणात इंजिन चालू केलं. बराच वेळ चालू ठेवलं. आई ओसरीवर येऊन बसली होती, पण चपला घातल्या नव्हत्या. बाबांनी झाकणाच्या काठाखालून पांढरं फडकं फिरवलं आणि तिला दाखवलं. मग बॉनेट उघडं ठेवून बाजूला झाले.

तिने नाक वर करून वास घेतला. पुन्हा घेतला.

"वास तं नाई येत," ती म्हणाली.

आता न येण्याचं ती कोणतं कारण सांगेल, याची मी वाट पाहत होते. ती आपल्या सुयांनी फुगलेल्या हाताकडे बघत बसली. बाबा तेच कोरडं फडकं पुन्हा पुन्हा घडी घालत होते. तिने त्यांच्याकडेही पाहिलं.

"माही उशी कुठी हाय?" पायाने चपला ओढत तिने मला विचारलं.

उशी मी आधीच मागच्या सीटवर ठेवली होती. ती उचलून आणली आणि तिच्या हातात दिली.