बिननावाचं रीळ

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. नाहीतर ऐन मोक्याला नाकातून बाहेर यायचा!

डहाणूत मला ओळखत नाही असा माणूस नाही, कारण मी गंडवलं नाही असा उरलेलाच नाही. एकच राहिला होता, सोलीशेठ. चिकूच्या वाडीचा मालक, माझ्याच वयाचा पारशी, आणि मासे धरायच्या जुन्या रिळांचा वेडा. गळाच्या काठीला बसवतात ना, दोरा गुंडाळायची पितळी चाकं, ती! बंगल्यात कपाट भरून ठेवलीत. कुठलंही रीळ हातात द्या, डोळे मिटून कंपनी सांगणार.

तर वाणगावच्या बाजारात भंगाराच्या ढिगात मला एक सापडलं. हिरवं पडलेलं, वर ना नाव, ना नंबर, ना शिक्का. मी चौथी शिकलेला, पण नाव नाही हे कळायला चौथी पुरते! म्हटलं, गोविंदा, आज शेठ गळाला लागला.

गेलो वाडीत. तोंड दुखवट्याला जातात तसं केलं.

"शेठ, तुमच्या विहिरीचा गाळ माझ्या वांग्यांना नेला ना, त्यात हे मिळालं. तुमच्या पप्पांचं तर नव्हे?"

शेठनं चष्मा कपाळावर चढवला. आणि खरं सांगतो, पुढचं बघताना मी थट्टाच विसरलो. तान्हं मूल घ्यावं तसं त्यानं ते रीळ घेतलं. कानाशी धरून मूठ फिरवली. कर्रर्र! परत फिरवली. अंगठ्यानं एकेक स्क्रू चाचपला. वाससुद्धा घेतला!

"कंपनी नाय, गोविंद. कोणीतरी लेथवर घरी बनवलेला. स्क्रू बघ, तीन जातीचा. पण काय हौशीने बनवला हां! आणि मूठ कुठल्या साइडने घासली बघ. माणूस डावखुरा होता."

काय माणूस! बिननावाच्या वस्तूचा मालक समोर आणून उभा केला की हो! पण मी कसला गप्प बसतोय?

"म्हणजे पप्पाच! तेही डावखुरेच ना?"

शेठ माझ्याकडे बघत राहिला. ओठ थरथरले. "होते रे, डावखुरेच होते!" आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून गदागदा हलायला लागला.

आता बोला! म्हातारा मित्र तुमच्या खांद्यावर रडतोय, त्याला "गंमत केली" म्हणाल? मी आपला त्याची पाठ थोपटत बसलो. त्याची बायको पेरीनबाई आली. तिनं पप्पांच्या फोटोपुढे रीळ ठेवलं, दिवा लावला, वर मला वाटीभर गोड रवा खाऊ घातला. तो गिळताना मला घाम!

मग शेठनं नाक पुसलं. "रीळ पडला तेव्हाच पप्पाचा सोन्याचा घड्याळ बी विहिरीत पडला होता. तूच उतर."

"मी?"

"रीळ तुला दिसला ने? मग पप्पा तुलाच बोलावते!"

मासे धरणारा माणूस घरच्या विहिरीशी काय करत होता, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण अपराधी माणसाचं डोकं चालतं कुठे? दोन गड्यांनी दोर बांधून मला पोहऱ्यासारखं खाली सोडलं. गुडघाभर चिखल! लेंगा खोचून गाळ चिवडतोय, आणि हाताला लागतायत बेडूक. वरून शेठ, "जरा उजवीकडे! पप्पा उजवीकडेच बसायचे!"

इतक्यात डोक्यावर आवाज आला. कर्रर्र...

बघतो तर नाकासमोर लोंबतोय सुका बोंबील! काठावर शेठ काठी धरून उभा, पेरीनबाई तोंडात रुमाल कोंबून, गडी पोट धरून.

"गोविंद, पप्पाला पाण्याची एवढी भीती, नहाताना बी दार उघडा ठेवायचा! मासा तर कधी धरलाच नाय. आणि डावखुरा? अरे, उजव्या हाताने माझ्या कानाखाली किती वाजवल्या त्याने!"

"मग मघाशी रडलात ते?"

"हसू दाबत होतो, साला! म्हणून तर तुझ्या खांद्यात तोंड लपवला!"

मानलं बुवा! साष्टांग नमस्कार घातला असता, पण चिखल होता.

ते रीळ आता शेठच्या कपाटात पहिल्या खणात आहे, घासूनपुसून लखलखीत. ज्याला त्याला दाखवतो. बिननावाचं राहिलं नाही ते. शेठनं पितळेवर ठळक कोरून घेतलंय, "गोविंद". आणि खाली बारीक अक्षरांत, "आमच्याच विहिरीत धरला."