रिपोर्ट आधी कुणाच्या हातात

सोलापुरात माझी स्वतःची पॅथॉलॉजी लॅब होती, तेव्हा वाईट रिपोर्ट थेट पेशंटच्या हातात द्यायचा नाही असा आमचा शिरस्ता होता. रक्ताच्या काचपट्टीवर नको ते दिसलं की मी आधी डॉक्टरांना फोन करायची. पेशंटला सांगायची, "मशीन बंद आहे, उद्या या." तोवर डॉक्टर घरातल्या कुणाला तरी निरोप देत. मोडनिंबहून एकटा आलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुलाला नाहीतर जावयाला घेऊन यायचा आणि मग बोलणं व्हायचं. मशीन सारखं बंद पडतं म्हणून लोक टोमणे मारत. "ताई, नवं घ्या की आता." मी हसून पुढचं नाव पुकारायची.

माझी मुलगी म्हणते, रक्त त्याचं, तर रिपोर्टही त्याचाच. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

मग आमच्याच रस्त्यावर एका मोठ्या कंपनीचं केंद्र आलं. मोबाइलवर नाव नोंदवायचं, माणूस घरी येऊन रक्त नेणार, रिपोर्टही मोबाइलवरच. माझी सकाळची रांग आखडत गेली आणि बाकड्यावर नुसतं वर्तमानपत्र उरलं. मी रडत बसणाऱ्यांतली नाही. मशीन विकलं, मायक्रोस्कोप बार्शीच्या एका कॉलेजला दिला आणि त्याच कंपनीचं कलेक्शन सेंटर घेतलं. आता मी रक्त काढते, नळीवर बारकोड चिकटवते आणि दुपारच्या गाडीनं नळ्या पुण्याला पाठवते.

या उन्हाळ्यात माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई आल्या. एकट्याच राहतात, एक भाचा आहे, तो पुण्यात. अंगात त्राण नाही म्हणत होत्या. बाही वर सरकवली तर दंडावर निळे डाग. असे डाग मी पूर्वी रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या अंगावर पाहिले होते. नोंदणी करताना मी भाच्याचा नंबर मागितला.

"त्याचा कशाला? मला मोबाइल येतो की," बाई म्हणाल्या. "तुला पाढे शिकवलेत मी."

रिपोर्टसाठी त्यांचाच नंबर घातला, भाच्याचा मी आग्रहानं वेगळा लिहून घेतला. त्या गेल्यावर मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. कंपाउंडर म्हणाला, साहेब लग्नाला विजापूरला गेलेत, सोमवारी येतील. मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. हा एक रिपोर्ट आधी मला पाठवा, म्हटलं.

"मॅडम, तसा ऑप्शन नाहीये."

"वरच्या कुणाला तरी विचारा."

"वरती पण नाहीये, मॅडम. सिस्टीम आपोआप पाठवते."

हेल्पलाइनवरची मुलगी बोलायला चांगली होती. तिच्याही हातात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई मंडईतून थेट माझ्याकडे आल्या. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती. भाजी घेतानाच मोबाइल वाजला होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. एक ओळ लाल होती, आणि तिच्या खाली संपूर्ण शरीर तपासणीवर सवलतीची जाहिरात.

"हे लाल का गं?"

"बाई, सोमवारी डॉक्टर आले की..."

"डॉक्टरांचं राहू दे. तू बघितलंस का?"

मी काय बघणार? रक्त पुण्यात, काचपट्टी पुण्यात. ती कुणी माणसानं पाहिली की नुसत्या यंत्रानं, तेही रिपोर्टवर नव्हतं. यंत्र कधी कधी चुकतं. पूर्वी अशी ओळ आली की मी काचपट्टी परत परत बघायची, आणि खात्री झाल्यावरच फोनला हात लावायची. आता माझ्यापुढे तेच होतं, जे बाईंपुढे होतं.

मी त्यांच्या भाच्याला फोन लावला. तो उचलेना.

बाई खुर्ची ओढून बसल्या. "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. आकडे, त्यांच्यापुढची मापं, मग लाल ओळ.

"अर्थ सांग."

"काही पेशी अपक्व आहेत, असं लिहिलंय."

"ते झालं शब्दाचं. मला काय झालंय?"

मी परत भाच्याचा नंबर फिरवला. बाई थांबल्या. उत्तर न येणाऱ्या मुलासाठी वर्गात थांबावं तशा, न रागावता. त्यांच्या हातातल्या मोबाइलचा पडदा विझला. त्यांनी अंगठा लावून तो उजळवला आणि परत माझ्यासमोर धरला.