शेजारच्या गायिकेची अंगाई

भाजलेल्या जपानी चहाचा वास आला की बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोतल्या आमच्या शेजारीणबाई आठवतात. उमेदीची सगळी वर्षं त्या टोकियोत फ्रेंच गाणी गायल्या, त्या गाण्यांवर त्यांनी ललित लेख लिहिले, आणि उतारवयात लेकीकडे सिंगापूरला आल्या. एका दुपारी त्यांनी मला आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईला चहाला बोलावलं आणि एक फ्रेंच गाणं म्हणून दाखवलं. आवाज थकला होता, पण सूर जागच्या जागी होता. आई म्हणाली, "आता तुमच्या भाषेतलं म्हणा ना." मी ते इंग्रजीत सांगितलं, तशा त्या कप खाली ठेवून म्हणाल्या, "माझी आईसुद्धा म्हणायची, मला कळेल असं काहीतरी गा. मी म्हणायचे, पुढच्या वेळी. ती गेली, तेव्हा मी दौऱ्यावर होते." मग त्यांनी एक जपानी अंगाई सुरू केली, पण दुसऱ्याच ओळीला शब्द आठवेनात. आईने त्यांचा हात धरून नुकत्याच ऐकलेल्या ओळीची नुसती चाल गुणगुणायला सुरुवात केली, आणि डोळे मिटून त्याही शब्दांवाचून गुणगुणू लागल्या. आता आम्ही सिंगापुरातच, बिशानला राहतो. माझी मुलगी आजीला फोनवर इंग्रजीतच उत्तरं देते, आणि मी मध्ये बसून दोघींना अर्थ सांगत असते.