दोन ते चारचा पहारा

वीणा गळ्यात असताना मी झोपलो. उभ्या उभ्या, देवळाच्या खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून झोपलो.

आमचं गाव भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठाला. हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळात सात दिवसांचा सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा नेम. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोन-दोन तासांचा पहारा. पहाऱ्यात काम एकच. तार छेडत 'रामकृष्णहरी' म्हणायचं आणि चित्त देवापाशी ठेवायचं. माझा पहारा दुपारी दोन ते चार. त्याआधी पंगत उठलेली. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि तूप वाढणारा आमच्याच भाऊबंदकीतला, म्हणजे हात सैल. पाच बट्ट्या खाऊन देवापाशी चित्त ठेवायला तपस्वी लागतो. मी जळगावात बियाण्याचं दुकान चालवतो.

वीणा पडली नाही, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

साडेतीनच्या सुमारास माझा चुलतभाऊ देवळात आला. माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, गावातच राहतो, शेती बघतो. एकाच ओसरीवर आम्ही पाढे पाठ केले. दुसऱ्या कोणत्याही भावानं हलवून उठवलं असतं. यानं खिशातून मोबाइल काढला आणि चांगला दीड मिनिट माझा व्हिडिओ घेतला. आधी लांबून, मग जवळून, मग आणखी जवळून. माझ्या खालच्या ओठावर एक माशी बसली होती, तीही त्यात स्पष्ट दिसते. मग त्यानं तो सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'भाऊची समाधी लागली.'

संध्याकाळपर्यंत समाधी अमळनेरला माझ्या सासरी पोचली. दुसऱ्या दिवशी धुळ्याला. धुळ्याला नुकत्याच सरल्या हिवाळ्यात मी मुलगी दिलेली. नवे व्याही, अजून एकमेकांना 'आपण' म्हणण्याचे दिवस. त्यांचा फोन आला. "तब्येत बरी ना आपली? नाही, झोप बरी लागते ना, म्हणून विचारलं." मागून बायकांचं हसू ऐकू आलं. त्यात माझ्या मुलीचं होतं की नाही, ते मी तिला आजतागायत विचारलेलं नाही.

दुकानात तर सोय राहिली नाही. कपाशीचं पाकीट मागायला येणारा शेतकरी आधी माझ्याकडे बघायचा, मग मोबाइलकडे, मग परत माझ्याकडे. "भाऊ, हाई तुम्हीच ना?" चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्यानं तर गल्ल्यासमोर हात जोडले आणि विचारलं, "महाराज, पाऊस कधी पडी?"

मी ठरवलं, सोडायचा नाही.

तसा मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एक माळ ओढतो. वडिलांची तुळशीची माळ, एकशे आठ मणी. आजवर चौथ्या-पाचव्या मण्याला माझं मन बाजारात जायचं. कोणत्या वाणाला उठाव आहे, कोणत्या गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं टाळायचं आहे. त्या वर्षी मात्र मन कुठेही गेलं नाही. पहिल्या मण्यापासून एकशे आठाव्यापर्यंत चुलतभाऊ. रामकृष्णहरी, त्याची मोटरसायकल चिखलात घसरली. रामकृष्णहरी, त्याच्या केळीवर करपा पडला. नको, केळी नको, केळीत आमचाही सामाईक बांध आहे. रामकृष्णहरी, भर लग्नात त्याचं धोतर सुटलं. तो पॅन्ट घालतो, तर आधी त्याला धोतर नेसवायचं आणि मग सोडायचं, एवढी मेहनत मी त्या जपात घेतली.

त्याच वर्षी एका कीर्तनात बुवांनी कंसाची गोष्ट सांगितली. खाता-पिता, उठता-बसता कंसाला कृष्णच दिसायचा. वैरानं का होईना, अखंड आठवण ठेवली, म्हणून तरला. सगळे माना डोलवत होते. मी बसल्या जागी हिशेब केला. या रीतीनं मी मेल्यावर थेट चुलतभावात विलीन होणार. तरी सूड सोडवेना.

पुढचा सप्ताह आला. पहाऱ्यांची यादी आमचे एक आबा लिहितात. ऐंशी ओलांडलेले, देवळाचं सगळं तेच बघतात. गेल्या वर्षीच्या त्या व्हिडिओनंतर त्यांनी एक नवा नियम केला होता. देवळात शिरायच्या आधी मोबाइल दाराजवळच्या टोपलीत टाकायचा. एवढा एक नियम माझ्या नावावर देवळात कायम झाला.

मी आबांना म्हटलं, "आबा, मले माझाच पहारा द्या, दोन ते चार. अन् बारा ते दोन त्याले द्या."

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दोन्ही भाऊ पाठोपाठ? चांगलं व्हयनं रे भो. मिटनं म्हणजे बठ्ठं."

"सगळं मिटनं, आबा," मी म्हटलं.

सूड कसा घ्यायचा, ते मला वीणेनंच सुचवलं होतं. पुढचा माणूस येऊन गळ्यातून उतरवून घेत नाही, तोवर वीणेकऱ्याला जागा सोडता येत नाही. बसता येत नाही. मोबाइल टोपलीत. आणि दोन वाजता पंगत उठून सगळं गाव आडवं झालेलं असतं, देवळात चिटपाखरू नसतं; चार ते सहावाला तर दरवर्षी हरिपाठालाच उगवतो. मी फक्त जायचं नाही, बस. मारामारी नाही, शिवी नाही, कुणाला काही दाखवायला नको. आणि त्याचा उजवा गुडघा अधू आहे, हे मला माहीत होतं. माहीत होतं, हे लिहितो, कारण नंतर मी दोन-तीन जणांना 'माझ्या लक्षातच नव्हतं' असं सांगितलं आहे.

त्या दिवशी बाराला तो वीणा गळ्यात घालून उभा राहिला. मी पंगतीला जाताना दारातून डोकावलो, तर म्हणाला, "यंदा जागा ऱ्हायजो, भाऊ." आणि डोळा मारला. वीणा गळ्यात असताना.

मी दोनच बट्ट्या खाल्ल्या. मोटरसायकल काढली, मोबाइल बंद केला आणि भडगावच्या अलीकडे रस्त्यावर एक रसवंती आहे तिथे जाऊन बसलो. चैत्राचं ऊन, रस्ता पांढरा पडलेला. घाण्याला बांधलेले घुंगरू वाजत होते. मी पहिला ग्लास मागवला. समोर भिंतीवर घड्याळ होतं.

दोन वाजले. आता तो दाराकडे बघत असेल. सव्वादोन. आता त्यानं पाय बदलला असेल. अडीच. आता घसा कोरडा पडला असेल, पाण्याची कळशी समोर आणि हात वीणेवर. दुसरा ग्लास. पावणेतीन. आता त्याला कळलं असेल. हे 'आता कळलं असेल' मी इतक्या चवीनं घोळवलं, की रसवाल्यानं विचारलं, "आलं जास्त टाकू का?" सव्वातीनला गुडघा बोलायला लागला असेल. मला तो गुडघा दिसत होता, सुजलेला, विजारीच्या आत. खरं सांगतो, गेल्या पंचवीस वर्षांत मी एवढ्या एकाग्रतेनं कशाचंही चिंतन केलं नाही. ना भूक, ना डुलकी, ना दुकान. तीन ग्लास रस पोटात असून लघवीलासुद्धा उठलो नाही.

चारला उठायचं ठरवलं होतं. चारला वाटलं, आणखी थोडं. दीड मिनिटाचा व्हिडिओ वर्षभर चालला होता, त्या मानानं दोन तास काय? साडेचार झाले. पाच झाले. मग घड्याळात मजा येईना, पण उठवेना. शेवटी रसवाल्यानं खुर्च्यांवर पाणी मारायला घेतलं, तेव्हा निघालो.

वाटेत मी चेहरा तयार केला. गाडी पंक्चर झाली, असं सांगायचं. देवळात तो भिंतीला टेकलेला असेल, घामानं भिजलेला, मला बघून शिव्या घालेल, आणि वीणा गळ्यात घालून शिव्या देणारा माणूस सगळं गाव बघेल. हे शेवटचं मला एवढं आवडलं, की गाडीचा वेग आपोआप वाढला.

देवळाबाहेर चपलांचा ढीग. हरिपाठाची वेळ झाली होती. आत गेलो तर माणसं शांत बसलेली. मधोमध तो. सगळा भार डाव्या पायावर, उजवा नुसता टेकवलेला. डोळे मिटलेले. तार हलकेच वाजत होती आणि ओठ हलत होते, आवाज नव्हता. गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते घामाचं नव्हतं. येणारा प्रत्येक जण त्याच्या पायांवर डोकं ठेवून मग बसत होता.

आबांनी मला बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"साडेतीनले मी देवळात उनू," आबा म्हणाले. "म्हटलं, आण, मी धरस. तर म्हणे, ऱ्हाऊ द्या आबा. चारले म्हटलं. नहीच म्हणे. आते रातनी पंचपदीपर्यंत बी सोडाव नही म्हणस. तूच घे त्याच्याकडथून, तुन्हाच पहारा शे."

आमच्याकडे वीणा घेण्याची रीत अशी. घेणारा आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मग वीणा आपल्या गळ्यात घेतो. मग उतरलेला माणूस नव्या वीणेकऱ्याच्या पाया पडतो. लहान-थोर बघायचं नाही. सगळं गाव बघत होतं. ज्याचं वर्षभर धोतर सोडत होतो, त्याच्या पायांपाशी मी वाकलो. उजवा पाय घोट्यापर्यंत सुजून चमकत होता. कपाळ टेकवलं आणि मनात काय आलं, तर एवढंच, की इथेही हाच जिंकला.

त्यानं डोळे उघडले. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकायला लागला. गुडघा वाकेना. दोघांनी काखेत धरलं, "राहू दे, राहू दे" म्हणाले. तरी वाकला. घामेजलेलं कपाळ माझ्या पायांवर ठेवलं. उठताना माझ्या कानाशी आला.

"भाऊ," तो म्हणाला, "पयला घंटाभर तुले शिव्या दिध्या. आई-बापवरथून दिध्या. मंग काय व्हयनं, माहीत नही. तू याद बी नही ऱ्हायना."

आणि लंगडत जाऊन खांबाला टेकून बसला. त्याच खांबाला.

मी तार छेडली. रामकृष्णहरी. माझी आग आग होत होती. लोकांना वाटेल पश्चात्तापाची, पण तसं नव्हतं. तो मला विसरला होता! वर्षभर मी ज्याच्याशिवाय एक मणी ओढला नाही, तीन ग्लास रस पिऊन ज्याच्या गुडघ्यात जाऊन राहिलो, तो तासाभरात मला विसरला. सूड घेणाऱ्याची एवढीच माफक अपेक्षा असते, की ज्याच्यावर घेतला त्यानं तो लक्षात ठेवावा. आणि बदल्यात त्याला मिळालं काय, तर जे मला वडिलांच्या माळेवर पंचवीस वर्षांत मिळालं नव्हतं, ते. मीच उभं करून दिलेलं. शिवाय त्याच्या तोंडून एकही शिवी गावानं ऐकली नाही.

हरिपाठ संपेपर्यंत मी उभा होतो. डोळे मिटले, की तो दिसायचा. उघडले, की समोर खांबाशी तोच बसलेला, डोळे मिटून. त्या दिवशी मी झोपलो नाही, हे मात्र सगळ्यांनी बघितलं. त्याचा व्हिडिओ कुणी घेतला नाही.

पहारा उतरून घरी आलो, तेव्हा बायको ओट्यावर वातीचा कापूस पिंजत बसली होती. ती दुपारी दोनपासून देवळात वाती वळायला बसलेली होती, हे मला नंतर कळलं. मी पाय धुतले. ती कापूस पिंजतच राहिली. शेवटी मीच म्हटलं, "गाडी पंक्चर झाली होती."

"हो ना," ती म्हणाली. "मीही त्यांना तेच सांगितलं."

"कुणाला?"

"भाऊजींना. पहिल्यांदा विचारलं, तेव्हा सांगितलं, अंघोळीला गेलेत. दुसऱ्यांदा सांगितलं, पंक्चर. हात वीणेवर, म्हणून पाणी मीच पाजलं, तेव्हा तिसऱ्यांदा सांगितलं, येतीलच आता, निघालेत." तिनं कापूस खाली ठेवला. "देवळात, वीणेच्या समोर, तीनदा खोटं बोलले मी. त्यांनी तीनदाही खरं मानलं. आता सकाळी माळ घ्याल ना, तेव्हा देवाला तेवढं विचारून ठेवा, हे तीन माझ्या नावावर धरलेत का तुमच्या. तुमच्या नावावर असले, तर मला उद्या उपास करायचा नाही."