अक्काचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर

नांदेडच्या त्या स्टुडिओवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही. माझी थोरली बहीण, अक्का, बुद्धविहारात आणि भीमजयंतीला गायची. तिची दोन गाणी मी हौसेनं त्याच्याकडे रेकॉर्ड करून घेतली. हातात आलं त्यात ऐकू येत होते ते कीबोर्ड आणि ढोलकीच. अक्का शेजारच्या घरात गात असल्यासारखी. मी भांडलो. तो म्हणाला, "सगळं एकाच ट्रॅकवर घेतलंय, आता वेगळं निघत न्हाई. आन् बाईंचा आवाजच बारीक हाय." हे अक्कासमोर. तेव्हापासून तिनं गाणं सोडलं. विचारलं की म्हणायची, "मला कामं हायत."

मी औशात लग्नमांडवांना स्पीकर-मिक्सर भाड्यानं देतो. दुसऱ्याचे स्पीकर खांद्यावर वाहून धंदा शिकलो. मागच्या हिवाळ्यात लातूरहून आठ ट्रॅकचा, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारा, वापरलेला रेकॉर्डर आणला. घासाघीस अशी केली, की दुकानदारानं वायरी फुकट दिल्या आणि हात जोडले. "काका, आता हे चालवायला शिकवबी म्हणू नका."

"वीस वर्षं मिक्सर चालवून राहिलो. तू मला शिकवतो?" मी म्हटलं.

अक्काला आणायला महिना गेला. "एकदाच गाईन," ती म्हणाली. "पुन्हा म्हणशील तर उठून जाईन."

दुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला. दाजींना, अक्काच्या नवऱ्याला, ढोलकीसकट स्वयंपाकघरात बसवून दार लावलं, म्हणजे ढोलकी अक्काच्या माइकमध्ये शिरणार नाही. दोघांच्या कानांवर मिक्सरला जोडलेले हेडफोन. मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून आवाज घेतला असता तर सगळा एकत्र मिसळून आला असता, म्हणजे नांदेडचंच पाप. प्रत्येक चॅनेलमागे इन्सर्ट नावाचं भोक असतं. मांडवात ते कधी लागलं नव्हतं. तिथून एकेक वायर रेकॉर्डरला नेली आणि जॅक सवयीनं गच्च बसवले. आमच्या धंद्यात जॅक ढिला राहिला की भर मांडवात शोभा होते.

अक्कानं सूर लावला. रेकॉर्डरचे दिवे हलले, पण हेडफोनमध्ये काहीच नाही. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"इथंबी माझा आवाज गायबच की रे."

माझं डोकं फिरलं. दुकानदाराला फोन लावून म्हटलं, "मुडदा विकलास मला!"

"जॅक पूर्ण घातले काय?"

"मग काय अर्धे घालू?"

"हाव! पहिली टिचकी लागली की थांबा. पूर्ण घातला की आवाज निस्ता रेकॉर्डरकडं जातो, मिक्सरमध्ये पुढं जात न्हाई. अर्ध्यावर दोन्हीकडं जातो."

"हे त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही त्याचाबी भाव पाडला असता."

आतून दाजी हसले. मी पहिल्यांदाच जॅक हलक्या हातानं लावला. टिचकी लागली, थांबलो.

अक्का गायली. मी मान वर केली नाही, दिव्यांकडे बघत बसलो. गाणं संपल्यावर रेकॉर्डरच्या वायरी मिक्सरच्या रिकाम्या चॅनेलांना जोडून ऐकवलं. ढोलकीचा आवाज मिक्सरच्या एका सरकपट्टीवर, अक्काचा दुसरीवर. तिनं विचारलं, "ही कुनाची?"

"दाजींची."

तिनं ती खाली ओढली, पार तळाला. उरला फक्त तिचा आवाज, श्वासासकट. तिनं ते डोळे मिटून पुरं ऐकलं. स्वयंपाकघरातून दाजी म्हणाले, "आमाला हाकललं वाटतं!"

"गप बसा," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दुसऱ्या कडव्यात दम कमी पडलाय. तेवढंच परत घेता येतं का?"

"येतं की. ढोलकी तशीच राहील."

तिनं पाण्याचा घोट घेतला आणि हेडफोन स्वतःच कानावर चढवला.